माणशी एकच पेटी

धाकटी लेक पल्लवी सासरी गेली ते साल दोन हजार. फेब्रुवारीत हट्ट्याला दारातल्या मांडवातच तिचं लग्न लागलं, आणि तिच्यासोबत घरातली एकुलती एक टरंकही गेली. शेषराव खिल्लारेच्या घरात तिला टरंकच म्हणत. गावात बाकी सगळे कपडे ठेवायच्या लोखंडी पेटीला पेटी म्हणायचे. ह्या घरात तसं चालत नव्हतं. शेषराव गाणारा माणूस. त्याच्याकडे पेटी म्हणजे सुरांची पेटी, भात्याची, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. लग्नाच्या पहिल्या वर्षी जयंतीच्या मंचावरून त्यानं बायकोला हाक मारून 'पेटी आण' म्हटलं, आणि जनकाबाईनं धापा टाकत दोनशे माणसांसमोर लुगड्यांनी भरलेली लोखंडी पेटी आणून ठेवली. लोक हसून आडवे झाले. त्या दिवसापासून घरात दोन वस्तूंची दोन नावं झाली, आणि पेटी म्हटल्यावर जनकाबाईच्या मनात पुन्हा कधी दुसरं काही आलं नाही.

लग्नानंतर आठव्या दिवशी विलायतेहून पत्र आलं. पाठवणारा भीमराज, गावातलाच पोरगा. डॉक्टर होऊन तिकडं गेला होता. शेषरावला वाचता येत होतं, पण घरात आलेला कागद पहिल्यांदा जनकाबाईनं वाचायचा असा नेम होता. पन्नाशीत ती साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली होती. बोललेलं माणूस फिरवतं, लिहिलेलं फिरत नाही, म्हणून लिहिलेल्या शब्दावर तिचा फार जीव. ती उंबऱ्यात बसली, चष्मा पुसला, आणि बोट ठेवून एकेक अक्षर उचलू लागली.

"शेषराव काकांना जयभीम," तिनं वाचलं. "इथं मे महिन्यात आम्ही जयंती करणार आहोत. तुम्ही आणि वसराम काकांनी गाण्यासाठी यावं. तिकिटं आम्ही काढतो. विमानाचे नियम कडक आहेत, म्हणून नीट वाचा. माणशी एकच पेटी आणता येईल. पेटीचं वजन वीस किलोच्या आत असावं. पेटी जुनी चालेल, पण मजबूत हवी. पेटीला कुलूप लावावं. पेटीवर नाव-गाव ठळक घालावं. पेटीत तेल, तूप, पातळ लोणचं ठेवू नये. विमानतळावर ज्याची पेटी त्यानंच उघडून दाखवावी लागते. पेटी दुसऱ्याची आहे असा संशय आला तर अडवतात. हातात लहान पिशवी चालेल. बाकी इथं सगळं आहे, काही आणू नका."

शेषरावचा पहिल्यांदा ऊर भरून आला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पेटीत लोणचं? पेटीत लोणचं कोण ठेवतंय?"

"कुणी तरी ठेवलं आसंल," जनकाबाई म्हणाली. "त्याबिगर नियम व्हतो का?"

"आन माणशी येक पेटी काहून? आमी दोघं. पेटी मी वाजवतो, वसराम ढोलकी वाजवतो."

जनकाबाईनं ती ओळ पुन्हा वाचली. मग बोट उचलून म्हणाली, "ढोलकीचं नावच न्हाई ह्यात. माणशी येक पेटी, आसंच हाय. तिकडं टंचाई आसंल. पेटी मूळची तिकडचीच, तुमीच सांगता. सगळ्या आपल्याकडं धाडून बसले, आता येकेक करून माघारी बोलावून राहिले."

सायकल काढून शेषराव तांड्याकडे निघाला.

वसराम राठोडची आणि त्याची गाठ बहात्तरच्या दुष्काळात पडली होती. दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. जेवणाच्या सुट्टीत शेषराव गुणगुणत होता, आणि पलीकडे एक सडपातळ माणूस उपडं घमेलं मांडीवर घेऊन बोटांनी त्याला बोलतं करत होता. शेषरावनं गाणं बदललं, घमेल्यानं चाल बदलली. शेषराव मुद्दाम अडखळला, घमेलंही अडखळलं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं शेषरावनं वसरामशिवाय एक ओळ चारचौघांत म्हटली नव्हती.

त्याचं कारण दोघांनाच ठाऊक होतं. शेषराव कडवी विसरायचा. स्वतःच रचलेली गाणी, पण तिसऱ्या कडव्याला आलं की डोक्यात पांढरं व्हायचं. वसरामला ते शेषरावच्या आधी कळायचं, नुसत्या श्वासावरून. मग त्याची ढोलकी असा काही लाडिक वेढा घ्यायची की लोकांना वाटायचं, वा, काय ठेका वाढवलाय! आणि तेवढ्यात शेषरावला कडवं सापडायचं. टाळ्या वसरामला मिळायच्या, अब्रू शेषरावची राहायची. वसरामनं ही गोष्ट कधी बायकोलासुद्धा सांगितली नाही.

आता त्या माणसाला जाऊन सांगायचं, तुझी ढोलकी नको.

वसरामनं ऐकून घेतलं. ढोलकी खुंटीला होती, तिच्याकडे पाहिलं. "माह्या ढोलकीचं नाव न्हाईच का त्यात?"

"न्हाई. तिनं तीनदा वाचलं."

"मंग मी काहून येऊ? तू जा. मी हितं खुशाल हाय."

"तू न्हाई तर मी बी न्हाई जात. तिसऱ्या कडव्याला काय करू मी, विलायतेच्या माणसांकडं बघत उभा राहू?"

वसरामची बायको रुख्मिणीबाई चुलीपुढून म्हणाली, "आवो, येकदा फोन करून इचारा की त्या डाक्टरला! नुसतं तोंडं पाडून बसले दोघं."

हे दोघांनाही पटलं. दुसऱ्या दिवशी हट्ट्याच्या बसस्टँडवरच्या बूथवरून विलायतेला फोन लागला. समोर लाल आकडे धावत होते आणि त्यांच्याकडे पाहून शेषरावची जीभ अडखळत होती.

"भीमराज, जयभीम! वसरामला बी पेटी लागंल का?"

"जयभीम काका! लागेल ना. माणशी एक. पेटीशिवाय कसं चालेल? दोन आठवडे राहायचंय!"

"पन त्याला पेटी जमत न्हाई!"

"जमेल हो! पहिल्यांदा सगळ्यांनाच जड जाते. अगदीच नाही जमलं तर ढकलत न्यायची."

"ढकलत? बरं. आन ढोलकीचं—"

फोन कटला. शेषरावनं बाहेर येऊन वसरामला निरोप शब्दाला शब्द सांगितला. वसराम बूथच्या पायरीवर बसला.

"ढकलत न्यायची म्हंजे?"

"म्हंजे चुकलं तरी थांबायचं न्हाई. रेटत न्यायचं पुढं."

"आन उघडून दाखवायची ते?"

"ते तर सरळ हाय. पेटी तुहीच हाय का दुसऱ्याची, हे त्यायला कसं कळंल? तू वाजवून दाखवशील तवाच."

वसरामनं आपले तळवे उघडून पाहिले. आडवे घट्टे, चामड्यासारखे. "शेषा, ह्या हातानं पेटी?"

"येकच गाणं शीक. माहं पाण्याचं गाणं. तेवढं आलं की तू विमानात बसलास."

"बसतो मंग," वसराम म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि ते त्यानं पाळलं.

दुसरी पेटी शिरड शहापूरला मिळाली. तिथल्या भजनी मंडळाचा संतराम देवकुळे शेषरावचा जुना ओळखीचा. मंडळाची एक जादा पेटी कापडात गुंडाळून पडली होती.

"न्या," संतराम म्हणाला. "समुद्रावरून गेली तरी हरकत न्हाई. पन जशी नेली तशीच माघारी आणा. मंडळाची वस्तू हाय."

ती पेटी आपल्या लाकडी खोक्यासकट हट्ट्याच्या अडतीवरच्या काट्यावर ठेवली तेव्हा साडेतेवीस किलो भरली. शेषरावची सतरा. अडत्याचा हमाल म्हणाला, "आतला हवेचा भार काढून टाका की!" तो हसला, पण वसरामनं खरोखर भाता दाबून हवा काढली आणि पुन्हा ठेवली. साडेतेवीसच. शेवटी सुताराकडे नेली. सुतारानं खोक्याचा तळ काढून पातळ फळी मारली, पितळी कड्या काढल्या, झाकण रंध्यानं तासलं. एकोणीस किलो आठशे ग्रॅम. जशी नेली तशी परत करायची, ही अट इथंच संपली.

मग कुलूप. जनकाबाईचा आग्रह होता की लिहिलंय ते सगळं झालं पाहिजे. पेट्यांच्या खोक्यांना कडी-कोयंडे ठोकले आणि वसराम हिंगोलीहून पसाभर आकाराची दोन पितळी कुलपं घेऊन आला. मग नाव. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं खोक्याच्या ऐन दर्शनी बाजूला पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलं: वसराम धनसिंग राठोड, मु. तांडा, पो. हट्टा, ता. वसमत, जि. परभणी. लिहून झाल्यावर वसराम म्हणाला, "जिल्हा बदलून साल झालं की गा." तेव्हा पेंटरनं परभणीवर काट मारली आणि बाजूला जागा कमी म्हणून बारक्या अक्षरात हिंगोली बसवलं.

शिकणं तांड्यावर, लिंबाखाली सुरू झालं. शेषराव रोज दुपारी सायकलवर यायचा. वसरामचा उजवा हात पट्ट्यांवर थाप मारायचा, आणि डावा हात भाता असा हलवायचा की पेटी ढोलकीच्या ठेक्यावर धापा टाकायची.

"हळू, हळू! जनावर पळवून राहिला का?"

"हिच्यात बोल कुठं हायेत शेषा? ढोलकीला येक थाप मारली की ती सांगते, मी हाय. ही नुसती रडत राहते."

"दाब, मारू नको. बोट ठेव आन तिथंच राहू दे."

"राहू कसं देऊ? बोट खाली आलं की वर जाणारच."

रुख्मिणीबाई जाता येता बोलायची. "म्हसरांनी दूध चोरायला सुरुवात केली. शेजारची जमनाबाई इचारून राहिली, तुमच्या घरी कुणी आजारी हाय का?"

पण शेषराव पाहत होता. साठीचा माणूस, आयुष्यभर ज्याच्या हाताला टाळ्याच मिळाल्या, तो पोरासोरांच्या हसण्यात सा पासून सुरुवात करत होता. पहिल्या आठवड्यात बोटं सुजली. दुसऱ्या आठवड्यात त्यानं पट्ट्यांवर चुन्यानं खुणा केल्या. महिना झाला तेव्हा पाण्याच्या गाण्याची पहिली ओळ ओळखू येऊ लागली. एकदा शेषराव ठरल्या वेळेच्या आधी पोचला, तर वसराम एकटाच लिंबाखाली बसून तीच ओळ चाळीसाव्यांदा वाजवत होता. ढोलकी घरात खुंटीवर होती, तिच्यावर स्वच्छ कापड टाकलेलं. ती ओळ चुकली की वसराम घराकडे बघून "हसू नको," म्हणायचा आणि पुन्हा सुरू करायचा. शेषराव सायकल तशीच मागे वळवून रस्त्यावर पाव तास थांबला, आणि मग घंटी वाजवत आला.

एप्रिलच्या शेवटी गाणं पूर्ण आलं. रडतखडत, पण अखेरपर्यंत. त्या पेटीवर दुसरं काहीही त्याला वाजवता येत नव्हतं.

निघायच्या दिवशी हातातल्या पिशवीचा प्रश्न उभा राहिला. पिशवी लहान. रुख्मिणीबाईनं तीत भाकरी, कोरडी चटणी आणि वसरामची जेवायची काशाची थाळी घातली. मग कपड्यांना जागाच उरली नाही.

"थाळी कशाला? तिकडं भांडी नसतील का?"

"परक्याच्या भांड्यात तुमचं पोट भरत न्हाई. इसरले का? पुतण्याच्या लग्नात उपाशी आले व्हते."

म्हणून वसरामनं कपडे अंगावरच घातले. तीन सदरे, दोन धोतरं, वर कोट. मे महिन्याचं ऊन. परभणीला रेल्वेत बसेपर्यंत तो घामानं निथळला होता, पण एकदाही कुरकुरला नाही. शेषरावनं दोनच सदरे घातले होते आणि तो सारखा कुरकुरत होता.

मुंबईत भीमराजचा भाऊ प्रज्ञेश त्यांना घ्यायला आला होता. पासपोर्टाचे सगळे सोपस्कार त्यानंच केले होते. त्यानं पेट्यांकडे पाहिलं. "काका, दोन दोन पेट्या?"

"माणशी येक," शेषराव म्हणाला.

प्रज्ञेशला वाटलं, कलाकारांचं काही असेल. त्यानं त्यांना विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं आणि हात हलवला.

आत सामान तपासायच्या जागी एक पगडीवाला अधिकारी उभा होता. छातीवर नाव होतं, उत्तमसिंग. त्यानं पिवळ्या अक्षरांवरून नजर फिरवली, काट मारलेल्या परभणीपाशी थांबला, मग तीन सदऱ्यांतल्या माणसाकडे पाहिलं.

"ये किसकी है?"

"माही," वसरामनं छातीवर हात ठेवला.

"खोलो."

ज्या घडीसाठी अडीच महिने घालवले ती आली. वसरामनं खांद्यावरचं उपरणं फरशीवर पसरलं. मांडी घातली. गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढून कुलूप उघडलं, पेटी बाहेर काढली, भाता मोकळा केला. एकदा शेषरावकडे पाहिलं आणि सुरू झाला.

रांग थांबली. पहिलं कडवं पार पडलं. दुसऱ्याला बोट घसरलं, पण त्यानं रेटत नेलं. शेषरावला राहवलं नाही, तो बारीक आवाजात गाऊ लागला. मागं उभी असलेली माणसं पुढं आली. एका बाईनं कडेवरच्या लेकराला दिसावं म्हणून उंच धरलं. गाणं संपलं. चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. वसरामनं भाता मिटला आणि अधिकाऱ्याला हात जोडले. "माहीच हाय साहेब. बराबर?"

उत्तमसिंगनं पगडी सारखी केली. आणि चक्क मराठीत म्हणाला, "बाबा, मी उघडायला सांगितलं होतं. वाजवायला कुणी सांगितलं?"

"तुमी मराठी?"

"नांदेडचा आहे मी. कुणी सांगितलं?"

शेषरावनं पत्र काढून दिलं. उत्तमसिंग वाचू लागला. माणशी एकच पेटी. त्याच्या मिशा हलल्या. पातळ लोणचं. त्यानं तोंडावर हात धरला.

"तुमचे कपडे कुठं आहेत?"

"अंगावर," वसराम म्हणाला.

"बाबा, पेटी म्हणजे बॅग! कपड्यांची पेटी! वाजवायची नव्हे."

शेषरावच्या डोळ्यांपुढं लोणचं आलं, कुलूप आलं, 'ढकलत न्यायची' आलं. सगळं एका ओळीत उभं राहिलं आणि सगळ्यांना चाकं फुटली.

वसरामनं फक्त एकच विचारलं. "मंग ढोलकी चालली आसती?"

"ढोलकी? पोत्यात घालून आणली असती तरी चालली असती."

शेषरावला त्याच्याकडे बघवेना. आता हा ओरडंल, आता पेटी सोडून माघारी फिरंल, असं त्याला वाटलं. वसराम आपल्या सुजून बऱ्या झालेल्या बोटांकडे पाहत होता. मग त्यानं पेटी खोक्यात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि उठताना हळूच म्हणाला, "शेषा, वैनीला यातलं काही सांगू नको. तिनं वाचलं ते बराबरच वाचलं व्हतं."

विलायतेत भीमराज त्यांना न्यायला आला. दोन पेट्या पाहून त्याचा चेहरा आधी लांब झाला, मग लाल. "काका, मी मुद्दाम सोपा शब्द लिहिला हो! मला आईनं होस्टेलला धाडलं ते लोखंडी पेटी देऊन. माझ्या डोक्यात प्रवास म्हटला की पेटीच येते." त्यानं दोघांना कपडे घेऊन दिले, आणि शेजारच्या पंजाबी घरातून एक ढोलक मागून आणला. थोरला, दणकट, एका बाजूला चामड्याऐवजी प्लास्टिकची पुडी ताणलेला. वसरामनं त्याला दोन थापा मारल्या, कान लावला, आणि परक्या गावच्या पाहुण्याला निरोप द्यावा तसा तो आदरानं बाजूला ठेवला.

"हा माह्याशी बोलत न्हाई."

"मंग करायचं काय?" शेषरावनं विचारलं.

"पाण्याचं गाणं पयलं घेऊ. पुढचं पुढं."

हॉल भरला होता. चारशे माणसं, त्यात कितीतरी लेकरं अशी की ज्यांनी हा आवाज समोरून कधी ऐकला नव्हता. मंचावर दोन पेट्या शेजारी शेजारी. पाण्याचं गाणं झालं. दोन पेट्यांचा मिळून एक आवाज निघाला, लोक खूष झाले. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा वसरामनं हात मांडीवर ठेवले. शेषराव एकटाच वाजवत आणि गात गेला. पहिलं कडवं, दुसरं कडवं.

तिसऱ्याला पांढरं झालं.

त्यानं भाता ओढला, सूर धरून ठेवला. कडवं येईना. पहिल्या रांगेत भीमराज हसऱ्या तोंडानं बसला होता, आणि ते हसू हळूहळू थिजत होतं. शेषरावच्या मनात आलं, एवढ्या लांब येऊन अब्रू गेली.

तेवढ्यात बाजूला 'टण्ण' झालं.

वसरामनं मंचावरही जवळ ठेवलेल्या पिशवीतून जेवायची थाळी काढली होती. डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरली होती, आणि उजव्या हातात पेटीचं पितळी कुलूप. टण्ण, टणटण, टण्ण. मग बोटांनी काठ दाबून आवाज मिटवला, सोडला, पुन्हा मिटवला. तांड्यावर सणाला थाळी वाजते तशी, आणि त्याहून काही वेगळी. काशातून कधी बैलाच्या गळ्यातली घंटा निघत होती, कधी खडीवरचा हातोडा. त्यानं एक वेढा घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. घाई नाही. डोळे शेषरावच्या ओठांवर. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं उपडं घमेलं शेषरावला आठवलं, आणि घमेल्याच्या मागोमाग कडवं चालत आलं.

गाणं संपलं तेव्हा लोक उभे होते. त्यानंतर नऊ गाणी झाली. नऊही थाळीवर.

नंतर लेकरांनी वसरामला गराडा घातला. भीमराज म्हणाला, "काका, ह्या वाद्याचं नाव काय? पत्रकात छापायचं राहिलं."

"जेवायची थाळी हाय साहेब. धुऊन द्या जरा, भूक लागली."

पुढं दोन आठवडे भीमराजची पोरगी ऐश्वर्या हट्टानं वसरामकडूनच पेटी शिकली. त्यानं तिला येत होतं ते सगळं शिकवलं, म्हणजे पाण्याचं गाणं. चुकलं तर काय करायचं, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "रेटत न्यायचं."

हट्ट्याला परतल्यावर जनकाबाईचा पहिला प्रश्न होता, "पेटी उघडून दाखवावी लागली का?"

"लागली वैनी," वसराम म्हणाला. "आपूण लिवल्याप्रमाणं केलं म्हणून निभावलं. न्हाई तर अडवलंच व्हतं."

जनकाबाईनं शेषरावकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली.

दोन हजार तीन साली पुन्हा बोलावणं आलं. ह्या खेपेला भीमराजनं पत्रात जपून 'बॅग' लिहिलं होतं आणि खाली ठळक अक्षरात, 'वाद्य आपल्या पसंतीचं आणा.' जनकाबाईनं दोनदा वाचून पत्राची घडी केली. "पेटीचं नावच न्हाई ह्या बारीला. मागच्या दोन पाहिल्या न, भागलं वाटतं त्यायचं." वसरामनं ढोलकी नेली. स्वच्छ कापडात गुंडाळून, मांडीवर घेऊन, खिडकीपाशी बसवून. पण हॉलमध्ये पाय ठेवल्याबरोबर चारशे माणसं ओरडली, "थाळी! थाळी!" आणि थाळी तर घरी खुंटीवर होती. वसराम पोट धरून हसला. मग त्यानं ढोलकीवर अशी थाप मारली की थाळी कुणाला आठवली नाही.

संतरामची पेटी परत गेली ती साडेतीन किलो हलकी होऊन, कडी-कोयंडा घेऊन आणि पिवळ्या अक्षरांत नाव मिरवत. संतराम आधी पुष्कळ बोलला. पण विलायतेला जाऊन आलेली पेटी म्हटल्यावर मंडळानं जुनी बाजूला ठेवून हीच वापरात घेतली. अजूनही तीच आहे. शिरड शहापूरला भजनाला नवा कुणी आला की खोक्यावरचं ते नाव वाचून विचारतो, "हे वसराम राठोड कोण? मोठे पेटीवाले आसतील?"

"मोठे म्हंजे!" संतराम सांगतो. "विमानतळावर वाजवली तर रांगा थांबल्या व्हत्या."

शेषराव समोर बसलेला असला तरी तो हे खोडून काढत नाही. पेटीवर त्या माणसाला एकच गाणं येत होतं, हे तो कुणाला सांगत नाही. ते गाणं तो स्वतः आता तिसऱ्या कडव्याच्या आधीच थांबवतो.

वसराम धनसिंग राठोड दोन हजार सहा साली, ऑगस्ट महिन्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.